रोजच्या जगण्यात देवाचे पाचारण : ख्रिस्ती स्त्रियांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दर बुधवारी दुपारी स्त्रियांची सभा भरते. बायबलमधील वचनाचे वाचन आणि प्रार्थना आटोपून चहाचे कप फिरू लागले, की खरे प्रश्न बाहेर पडतात, आणि त्यांतले बरेचसे कोणीतरी दारात चपला शोधता शोधता विचारते. गेल्या अनेक वर्षांत पुन्हा पुन्हा समोर आलेले प्रश्न येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. उत्तरे प्रोटेस्टंट मंडळीत वाढलेल्या एका स्त्रीची आहेत. कॅथलिक भगिनींच्या परंपरेतील फरक जेथे महत्त्वाचा वाटला, तेथे तो नोंदवला आहे.

पाचारण म्हणजे नेमके काय? ते पाळकांना आणि मिशनऱ्यांनाच होते ना?

पाचारण म्हणजे बोलावणे. हा शब्द आता बायबलच्या बाहेर फारसा ऐकू येत नाही, आणि म्हणूनच बहुधा तो आपल्याला फार मोठ्या लोकांसाठी राखून ठेवलेला वाटतो. येशूचा प्रेषित पौल याच्या पत्रांत मात्र तो आधी सर्वच विश्वासणाऱ्यांना लागू होतो. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात तो विवाहित, अविवाहित, विधवा आणि दास अशा सगळ्यांना उद्देशून सांगतो, की पाचारण झाले त्या वेळी तुम्ही ज्या स्थितीत होता, त्या स्थितीतच देवाबरोबर राहता येते. आणि दासाला स्वतंत्र होण्याची संधी मिळाली, तर ती त्याने घ्यावी, असेही तो तेथेच सुचवतो. हा दुसरा भाग व्यासपीठावरून क्वचितच ऐकू येतो.

सोळाव्या शतकात जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरने हाच धागा उचलला. मठात जाणाऱ्यांनाच देवाचे बोलावणे असते ही समजूत त्याने खोडून काढली, आणि १५२२ साली विवाहाविषयी लिहिताना असे म्हटले, की बाळाची दुपटी धुणाऱ्या बापाला लोक हसले, तरी देव आणि देवदूत त्याच्याकडे आनंदाने पाहतात. त्याने हे उदाहरण आईचे न देता बापाचे दिले आहे, ही गोष्ट आमच्या सभेत नेहमी दोनदा वाचून दाखवावी लागते. कॅथलिक चर्चनेही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६४ साली, पवित्रतेचे पाचारण धर्मगुरू आणि सिस्टर यांच्याप्रमाणेच संसारी माणसांनाही आहे, असे अधिकृतपणे मांडले.

मला कधी आवाज ऐकू आला नाही, स्वप्न पडले नाही. मग मला पाचारण झालेच नाही का?

लहानग्या शमुवेलाला तर प्रत्यक्ष आवाज ऐकू आला होता, तरीही तो तीन वेळा उठून एली याजकाकडे धावत गेला. देव बोलत आहे हे त्याला कळले नव्हते, आणि एलीलाही ते तिसऱ्या खेपेला उमगले. तेव्हा हाक ऐकू येणे आणि ती कोणाची आहे हे ओळखणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीला वेळ लागतो, बऱ्याचदा दुसऱ्या माणसाची मदतही लागते.

हे कसे घडते, याचे आपल्या भाषेतले सर्वांत बोलके उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. त्यांचा जन्म १८५८ सालचा. संस्कृतच्या विदुषी म्हणून कलकत्त्यात त्यांचा गौरव झाला, विवाह झाला, आणि सिल्चरला पतीच्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत सापडली. त्यांनी ती वाचली. लगेच काही घडले नाही. १८८२ साली पती वारले, लहान मुलीला घेऊन त्या पुण्यास आल्या, स्त्रियांसाठी काम सुरू केले आणि पुढल्या वर्षी इंग्लंडला गेल्या. तेथे लंडनमधील फुलम भागात, समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या सिस्टर त्यांनी पाहिल्या, आणि हे काम या बायका का करतात असा प्रश्न त्यांना पडला. त्यांना शिकवणाऱ्या सिस्टरने उत्तरादाखल योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातील, येशू जिच्याशी आपण होऊन बोलला त्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. त्याच वर्षी त्यांचा व त्यांची मुलगी मनोरमा हिचा बाप्तिस्मा झाला. तरीही, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडायचा राहिला होता, अशी कबुली त्यांनी पुढे आपल्या साक्षीत दिली. १८८९ साली मुंबईत काढलेले शारदा सदन, १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुली, पुणे-दौंड मार्गावरील केडगावचे मुक्ती मिशन आणि अखेरच्या वर्षांतले बायबलचे मराठी भाषांतर हे सारे एका रात्रीच्या दर्शनातून आलेले नाही. प्रत्येक वेळी समोर कोणीतरी उभे होते, आणि रमाबाईंनी त्या माणसाकडे पाठ फिरवली नाही. आवाज ऐकू न आलेल्या भगिनींनी आधी आपल्या दारात कोण उभे आहे ते पाहावे, असे मला वाटते.

माझा दिवस स्वयंपाक, धुणीभांडी, सासूबाईंची औषधे आणि मुलांचा अभ्यास यांतच संपतो. यात देवाची सेवा कोठे आहे?

या प्रश्नामागे बहुधा मार्था आणि मरीया या बहिणींची गोष्ट असते: येशू घरी आला तेव्हा मार्था कामात गुंतली, आणि मरीया त्याच्या पायाशी बसून ऐकत राहिली. लूकच्या दहाव्या अध्यायातील हा प्रसंग काम करणाऱ्या बायकांना दटावण्यासाठी इतक्या वेळा वापरला गेला आहे, की तो नीट वाचायचा राहूनच जातो. प्रभूने मार्थेला स्वयंपाक करू नकोस असे म्हटलेले नाही. जेवायला तर तो आलाच होता. पुष्कळ गोष्टींची काळजी करून तिचा जीव त्रासला आहे, हे त्याने तिला नावाने, तेही दोनदा हाक मारून सांगितले. शिवाय मार्थेची गोष्ट तेथे संपत नाही. योहानाच्या अकराव्या अध्यायात भाऊ वारल्यानंतर हीच मार्था गावाबाहेर जाऊन प्रभूला भेटते आणि तू देवाचा पुत्र ख्रिस्त आहेस अशी स्पष्ट कबुली देते. येशूचा शिष्य पेत्र याच्या अशाच कबुलीवर आपण कितीतरी उपदेश ऐकतो, पण मार्थेच्या कबुलीवरचा उपदेश मी आजवर दोनदाच ऐकला आहे.

घरकामाला मी उगाच सोन्याचा मुलामा देणार नाही. भांडी घासणे हे भांडी घासणेच असते, आणि घरातल्या सगळ्यांचे काम एकीच्याच पाठीवर असेल, तर तो अन्याय आहे; त्याला पाचारण म्हणणे बरोबर नाही. मात्र घर सांभाळताना आपण कोणासाठी काय करतो याचे भान ठेवता येते. माझ्या स्वयंपाकघरात मसाल्याच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर सात वारांपुढे सात नावे आहेत. सकाळी फोडणीसाठी मोहरीचा डबा काढताना त्या दिवसाचे नाव दिसते, आणि कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत मी त्या माणसासाठी प्रार्थना करते. कागदाला तेलाचे डाग पडले आहेत, आणि गुरुवारचे नाव आता अंदाजानेच वाचावे लागते.

पगार घेऊन केलेल्या नोकरीला किंवा धंद्याला पाचारण म्हणता येईल का?

अवश्य म्हणता येईल. फिलिप्पै येथे पौलाचे ऐकून विश्वास ठेवणारी लुदिया जांभळी वस्त्रे विकणारी बाई होती. तिचे घर मोठे होते, आणि पौलाला व त्याच्या सोबत्यांना तिने आग्रहाने तेथे उतरवून घेतले. विश्वास ठेवल्यावर तिने दुकान बंद केले, असे बायबलमधील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात कोठेही लिहिलेले नाही. प्रिस्किल्ला पतीबरोबर राहुट्या शिवण्याचा धंदा करीत असे, आणि इफिसात त्या दोघांनी अपुल्लोसासारख्या विद्वान वक्त्याला देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला. आपल्याकडेही मिरज, जालना, वाई येथील मिशनच्या रुग्णालयांत मराठी ख्रिस्ती मुली परिचारिका झाल्या आणि कित्येक घरांत हा पेशा आईकडून मुलीकडे आला. पहाटे तीनला सलाईनची बाटली संपत आली आहे हे कोणी न सांगता पाहणारी नर्स प्रार्थनेला बसलेली नसते, पण ती देवाच्या कामावर असते.

एक सावधगिरी मात्र हवी. सेवाभावाचे नाव पुढे करून शिक्षिकेला वा परिचारिकेला कमी पगारावर राबवून घेण्याचे प्रकार ख्रिस्ती संस्थांतही होतात. मीही एका शाळेत दोन वर्षे अशी काढली आहेत. पगाराचा विषय काढला, की मला नम्रतेवरचे वचन ऐकवले जाई. कामकरी आपल्या मजुरीस योग्य आहे, हे प्रभूचेच शब्द आहेत. मजुरी मागितल्याने पाचारण उणे होत नाही.

ही देवाची हाक आहे की माझीच हौस, हे कसे ओळखावे?

आपल्याकडे प्रचलित असलेल्या काही सोप्या वाटा आधी बाजूला ठेवाव्यात. डोळे मिटून बायबल उघडायचे आणि जेथे बोट पडेल ते वचन आपल्यासाठी आहे असे मानायचे, ही त्यांतली एक. चिठ्ठ्या टाकणे ही दुसरी. बायबलमधील गिदोनाने लोकर खळ्यात ठेवून देवाकडे खूण मागितली होती हे खरे. पण काय करायचे ते त्याला आधीच सांगितलेले होते, आणि ती खूण त्याच्या भीतीपोटी मागितलेली होती. तिसरी वाट म्हणजे "प्रभूने मला सांगितले आहे" असे जाहीर करून टाकणे. या वाक्यानंतर कोणी काही विचारू शकत नाही, आणि म्हणूनच ते फार जपून वापरावे.

मी स्वतः आधी हे पाहते, की ती गोष्ट वचनाशी आणि ख्रिस्ताच्या स्वभावाशी जुळते का. त्यानंतर थांबते. हौस महिन्या-दोन महिन्यांत विरते. हाक मात्र विसरायचा प्रयत्न केला तरी परत येते, बऱ्याचदा गैरसोयीच्या वेळी. मग माझ्याशी गोड बोलण्याची गरज नसलेल्या एक-दोन वडीलधाऱ्या स्त्रियांना विचारते. आणि शेवटी स्वतःला एक अवघड प्रश्न विचारते: या कामात माझे नाव कोठेही येणार नसेल, वार्षिक सभेत कोणी शाल देणार नसेल, तरी मी ते करीन का? या प्रश्नाला माझे उत्तर दर वेळी होकारार्थी आलेले नाही.

देवदूताला "हे कसे होईल?" असे येशूची आई मरीया हिने विचारलेच होते, आणि त्या प्रश्नाबद्दल तिला दोष लागला नाही. तेव्हा शंका विचारल्याने अविश्वास दाखवला, असे समजण्याचे कारण नाही.

पतीला किंवा घरच्यांना माझे सभेला जाणे, सेवा करणे मान्य नसेल तर काय करावे?

येथे लक्ष्मीबाई टिळकांचे आयुष्य उलट बाजूने शिकवून जाते. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. काही वर्षे त्या पतीपासून दूर राहिल्या. पुढे पतीबरोबर राहू लागल्या, तरी त्यांनी आपला धर्म आणि आपले सोवळे सोडले नाही. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० साली, म्हणजे पाच वर्षांनी झाला, आणि तत्पूर्वी जातिभेद माणसांनी केला आहे, देवाने नाही, हे त्यांना स्वतःच्या विचाराने पटले होते. एकाला झालेले पाचारण दुसऱ्याला फरफटत नेण्याचा परवाना देत नाही. हाच न्याय पत्नीच्या पाचारणालाही लागू आहे: पतीला पटेपर्यंत धीर धरावा, त्याच्याशी खोटे बोलून सभेला जाऊ नये, पण मनातला विश्वास कोणाच्या परवानगीवर सोपवू नये. बुधवारची सभा जमत नसेल, तर दोघी-तिघींनी दुपारी एखाद्या घरी वचन वाचावे. त्यानेही भागते.

नापसंती आणि मारहाण मात्र एका तागडीत तोलू नये. मार खाणे हा तुमचा वधस्तंभ नाही, आणि तसे सांगणारा सल्लागार, तो मंडळीतला कितीही मानाचा असो, चुकीचे सांगत आहे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध २००५ सालचा कायदा आहे, १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे, आणि तिचा आधार घेणाऱ्या स्त्रीने देवावरचा भरवसा सोडला असे होत नाही.

मंडळीत आमच्या वाट्याला चहा, फुले आणि गायनमंडळ एवढेच येते. स्त्रीला शिकवण्याचे वा उपदेशाचे पाचारण असू शकते का?

मंडळ्यामंडळ्यांत याची उत्तरे वेगळी आहेत. १९७० साली नागपूर येथे स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात स्त्रियांना पाळकाची दीक्षा मिळते. चर्च ऑफ साऊथ इंडियाने २०१३ साली पहिल्या स्त्री बिशपची नेमणूक केली. कॅथलिक चर्चमध्ये स्त्रिया धर्मगुरू होत नाहीत, आणि अनेक ब्रदरन व पेंटेकॉस्टल मंडळ्यांत स्त्रीने मिश्र सभेत शिकवू नये असे मानतात. त्यांचा आधार तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायावर असतो. तो अध्याय टाळता येत नाही. पण पौल करिंथच्या स्त्रियांनी सभेत प्रार्थना करताना व संदेश देताना मस्तक झाकावे असे सांगतो, तेव्हा त्या सभेत बोलत होत्या हे तो गृहीतच धरतो. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात तो किंख्रियाच्या मंडळीतील फिबीची शिफारस करतो, आणि तिच्यासाठी त्याने वापरलेला मूळ ग्रीक शब्द तोच आहे, ज्याचा आपण इतरत्र "सेवक" किंवा "डीकन" असा अर्थ लावतो. पुनरुत्थानाची पहिली बातमी शिष्यांना मग्दालीया मरीयेने सांगितली.

माझे मत मी लपवून ठेवत नाही: ज्या स्त्रीला शिकवण्याचे दान आहे, तिला केवळ चहाच्या टेबलाशी उभे करणे हा त्या दानाचा अपव्यय आहे. मात्र चहा करणे हलके आहे, असेही मी म्हणणार नाही. हवे तर पुढच्या महिन्यात मंडळीच्या पंचांनी करावा.

माझे लग्न झालेले नाही. (किंवा: मी विधवा आहे.) माझे पाचारण अपुरे आहे का?

मुळीच नाही, आणि आपल्या मंडळ्या हे मोठ्याने म्हणत नाहीत हे दुर्दैव आहे. सिंथिया फॅरार ही अविवाहित अमेरिकन शिक्षिका १८२७ साली मुंबईत आली, पुढे अहमदनगरला तिने मुलींना शिकवले, आणि १८६२ साली तेथेच तिचा मृत्यू झाला. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे तिच्याकडे घेतले होते. तिच्या लग्नाची काळजी तेव्हाही कोणीतरी केलीच असेल.

शेजारणी हळदीकुंकवाला, वास्तुशांतीला बोलावतात. जावे की न जावे? त्यांच्यात आपल्या विश्वासाची साक्ष कशी द्यावी?

या प्रश्नावर आमच्या सभेत सर्वांत जास्त वाद होतो. काहीजणी मुळीच जात नाहीत. काहीजणी जातात, तिळगूळ आणि वाण घेतात, आणि कुंकू लावून घेण्याचे नम्रपणे टाळतात. मी दुसऱ्या गटातली. मूर्तीला दाखवलेल्या नैवेद्याविषयी पौलाने करिंथकरांस तपशीलवार लिहिले आहे, आणि त्याचे बोलणे दोन्ही अंगांनी चालते: मूर्ती काही नाही, हे आपल्याला ठाऊक आहे, तरी दुर्बळ मनाच्या बहिणीला आपल्यामुळे अडखळण होऊ नये. म्हणून प्रत्येकीने आपल्या विवेकाप्रमाणे ठरवावे, आणि जी वेगळे ठरवते तिचा न्याय करू नये.

साक्षीबद्दल एवढेच म्हणेन, की शेजारीण तुमच्या धर्माचे प्रकरण नाही. ती माणूस आहे. तिच्या घरी मयत झाली असता पिठलेभाकरी घेऊन जाताना खिशात पत्रक नेऊ नये. ती आपण होऊन विचारील, तेव्हा आपली आशा सौम्यतेने आणि स्पष्टपणे सांगावी. माझ्या शेजारच्या काकूंनी अकरा वर्षांनी विचारले. नाताळच्या करंज्या त्या मला लाटून देतात, आणि त्या अजूनही दर चतुर्थीला उपास धरतात.

सेवेसाठी विचारले असता नाही म्हणणे पाप आहे का?

नाही. कोणीतरी गरज सांगितली म्हणजे देवाने बोलावले असे दर वेळी होत नाही. खुद्द प्रभूही लोक शोधत असताना कफर्णहूम सोडून दुसऱ्या गावांकडे निघाला. शब्बाथ शाळा, महिला मंडळ, गायन आणि आजाऱ्यांच्या भेटी ही सगळी कामे एकाच स्त्रीकडे असतील, तर ती थकते, आणि बाकीच्यांना आपले दान वापरायला जागाही उरत नाही.

वय झाले, गुडघे धरले, बाहेर पडवत नाही. आता काय पाचारण?

मंदिरात राहून प्रार्थना करणारी हन्ना चौऱ्याऐंशी वर्षांची होती, आणि बाळ येशूविषयी यरुशलेमात बोलणाऱ्या पहिल्या माणसांत तिची गणना आहे. आमच्या सभेतील सर्वांत वयस्कर आजी दर रविवारी उपासनेला न आलेल्या भगिनींना दुपारी फोन करतात. चौकशी करतात, प्रार्थना करतात आणि बहुतेक वेळा थोडे रागावतात. त्यांचा फोन चुकवण्यासाठी काहीजणी उपासनेला येतात, हेही खरे आहे.

सुरुवात कोठून करावी?

मोशेला देवाने विचारले होते, की तुझ्या हातात काय आहे. त्याच्या हातात काठी होती. हाच प्रश्न स्वतःला विचारावा, आणि उत्तर अगदी साधे येऊ द्यावे. यापो येथील दुर्कस वारली, तेव्हा विधवा रडत पेत्राला तिने शिवलेले अंगरखे व वस्त्रे दाखवत होत्या. तिचा एकही उपदेश बायबलमध्ये नाही. तिच्या हातचे कपडे आहेत.

आमच्यातली एक भगिनी ब्लाउज शिवण्याचे काम करते. गिऱ्हाइकांनी परत न नेलेले सुती तुकडे ती एका पिशवीत जमवते, आणि पिशवी भरली, की त्यांची झबली शिवून सरकारी रुग्णालयाच्या बाळंतपणाच्या वॉर्डात देते. गेल्या बुधवारी तिने सहा झबली दाखवायला आणली होती. बटणे का लावली नाहीस, असे कोणीतरी विचारले. तान्ह्या बाळाला कुशीवर निजवले म्हणजे बटण टोचते, म्हणून मी नाडी लावते, असे ती म्हणाली, आणि तिने एक झबले उलटे करून शिवण आतून कशी दुमडली आहे ते दाखवले.